अनवाणी स्वयंपाकघर

आमच्या घरात वायरिंगच्या आधी माझी तपासणी झाली.

फ्रिज उघडताना हाताला झिणझिण्या येतात, असं मी मुलाला सांगितलं तेव्हा त्याने मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं की शुगर किती आहे सध्या. सून त्याच्यापेक्षा प्रेमळ. तिने लगेच वाशीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. तिथे माझं रक्त काढलं, वजन केलं, तळपायाला एक थरथरणारा चिमटा टेकवून जाणवतंय का, जाणवतंय का, असं विचारलं. मला सगळं जाणवत होतं आणि तसं मी सांगितलंही. पण डॉक्टरांनी माझ्यापेक्षा फायलीवर जास्त विश्वास ठेवला. साखरेमुळे नसा कमजोर होतात, या वयात चालायचंच. मी म्हटलं, डॉक्टर, कपाट उघडताना काही होत नाही, नळाला होत नाही, फक्त फ्रिजला होतं. ते हसले. माझ्याकडे बघून नाही, सुनेकडे बघून. म्हाताऱ्या माणसांसमोर डॉक्टर असे वरून हसतात, लहान मुलांच्या डोक्यावरून आईबाप एकमेकांकडे बघतात तसे.

नसांच्या गोळ्या मिळाल्या. शिवाय घरातही अनवाणी फिरायचं नाही म्हणून जाड मऊ रबराची चप्पल घ्यायला लावली. मधुमेहवाल्यांची ती बेढब चप्पल आता प्रत्येक घरात एका कोपऱ्यात असतेच. अडचण एवढीच होती की आमचं देवघर स्वयंपाकघरात आहे, आणि या घरात कुठल्याही बाईने आजवर स्वयंपाकघरात चप्पल घातलेली नाही. एक सून सोडली तर. तिच्या टाचा दुखतात, ती पहिल्या दिवसापासून घालते, आणि त्यावरून आमचं जे काय व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. तर मी देवांना हात जोडले, डॉक्टरांवर ढकललं, आणि ती चप्पल घालून ओट्यासमोर उभी राहिले.

झिणझिण्या थांबल्या.

घरात आनंदीआनंद. मुलगा म्हणाला, बघ, वेळेवर दाखवलं म्हणून. सुनेने बहिणीला फोन करून गोळीचं नाव सांगितलं. मलाही खरं वाटलं. मी तर खालच्या बाकावर बसणाऱ्या बायकांनाही त्या गोळ्यांची शिफारस केली. एकीने आणल्यासुद्धा.

या झिणझिण्यांची आणि माझी ओळख मात्र फार जुनी. आम्ही जुईनगरला राहायला आलो तेव्हा मी लालबागच्या चाळीतून आलेली, बीए झालेली, स्वतःला जरा जास्तच हुशार समजणारी बाई होते. स्वतंत्र स्वयंपाकघर, त्यात खिडकी, खिडकीतून लांबवर खाडीचा चिखल. माहेरी पत्र लिहायची तर त्यात चिखल गाळून फक्त खाडी लिहायची. मग फ्रिज आला. आमच्या मजल्यावरचा पहिला. त्याच्या डोक्यावर मी क्रोशाचं झाकण घातलं, त्यावर फुलदाणी, फुलदाणीत प्लॅस्टिकचे गुलाब. दिवसातून दोनदा मी तो फ्रिज ओल्या फडक्याने पुसायची, आणि दर वेळी हाताला मुंग्या यायच्या. कधी हलक्या, कधी कोपरापर्यंत. लादी पुसून ओली असली की जास्त.

माझे यजमान औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात होते. म्हणजे घरचाच तज्ज्ञ. फ्रिजचा पॉइंट त्यांनी स्वतः काढला होता. ओट्यावरच्या बोर्डापासून भिंतीवर लाकडी पट्टी ठोकून, तिच्यातून वायर नेऊन. कामाचा त्यांना अभिमान होता आणि मला त्यांचा होता. भिंतीवरची पट्टी वाईट दिसते म्हणून सासूबाईंनी तिच्यावरच देवघर बसवून घेतलं. देव बसले, पट्टी झाकली गेली, भिंत छान दिसायला लागली.

मुंग्यांचं मी यांना सांगितलं. ते तसे ऐकून घेणारे होते, लगेच उठले. घरातही पायात स्लीपर असायच्या त्यांच्या. स्वयंपाकघरात चपला चालत नाहीत हा सासूबाईंचा नियम, पण दमून आलेल्या मुलाला तो लागू नव्हता. ते स्लीपरसकट आत आले, फ्रिजवर पूर्ण पंजा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "मला तर काही लागत नाही."

विषय संपला. कारखान्यातल्या माणसाला लागत नाही म्हणजे नाही. वर ते गमतीने म्हणाले की करंट फ्रिजमध्ये नाही, तुझ्यातच आहे. सासूबाई हसल्या, दीर हसले, आणि ती बीए झालेली बाई काय करते? लाजते. गालाला हात लावून लाजते. आज ती समोर उभी राहिली तर मी तिला फ्रिजलाच बांधून ठेवीन.

याहून मोठा मूर्खपणा पुढेच आहे. त्या वर्षी नवरात्रात माझे नऊ दिवसांचे उपास होते. घट बसायचा म्हणून सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलेलं, लादी दिवसभर दमट. फ्रिज देवघराला लागूनच. फ्रिजला हात लावला की अंगातून सर्रकन काहीतरी जायचं. पोटात अन्न नाही, डोक्यात देवी, आणि नवरा सांगून गेलेला की फ्रिजमध्ये काही नाही. मग राहिलं कोण? मी आडून आडून वरच्या मजल्यावरच्या बाईला सांगितलं की देवघराजवळ गेलं की मला काहीतरी स्पर्श होतो. तिने ते आडून न सांगता सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बायका ओटी भरायला आल्या. मला पाटावर बसवलं, हळद-कुंकू लावलं, नारळ घातला. एकीने मुलाच्या परीक्षेचं विचारलं. मी डोळे मिटून सांगितलं की पास होईल.

सासूबाईंनी ते लगेच बंद पाडलं. आमच्या घरात अंगात येणं चालत नाही, एवढंच म्हणाल्या. ते नारळ मात्र आम्ही पुढे बरेच दिवस खाल्ले, चटणीत.

नंतर घरात वायरिंगची कामं झालीच नाहीत असं नाही. हॉलचं वायरिंग तर इतक्यांदा बदललं की भिंतीला सवय झाली असेल. टीव्ही मोठा आला तेव्हा बदललं, एसी बसवला तेव्हा बदललं, मुलाच्या लग्नात छताला दिव्यांची नक्षी करायची म्हणून पुन्हा. बेडरूमचंही झालं. दर वेळी येणारा माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारायचा की इथलं पण करायचं का, आणि दर वेळी घरातलं कोणीतरी सांगायचं की नको, तिथे देव आहेत. देव हलवायचे तर गुरुजी हवेत, मुहूर्त हवा, परत स्थापना करायला हवी. एवढा खटाटोप एका वायरीसाठी कोण करणार? पाणी सांडतं ती खोली, मिक्सर, फ्रिज, ओव्हन चालतात ती खोली, दिवसभर अनवाणी माणूस उभं असतं ती खोली. तिला पहिल्या दिवसाची वायर. आणि पाहुणे ज्या सोफ्यावर बसून चहा पितात, त्याच्या मागे नवी कोरी तांब्याची.

सासूबाई गेल्या, मग काही वर्षांनी हेही गेले. फ्रिज तिसरा आला, स्टीलच्या मुठीचा. मुंग्या त्याच राहिल्या. फ्रिज बदलला तरी मुंग्या बदलत नाहीत, याचा अर्थ काय, हे त्या बीए झालेल्या बाईला कधी सुचलं नाही. ती तोवर फुलदाणीतले गुलाब बदलत होती.

सुचलं ते चपलेमुळे. एका संकष्टीला मोदक केले होते. नैवेद्य दाखवायचा, तिथे डॉक्टरांची चप्पल घालून कसं उभं राहायचं? काढली. लादी नुकतीच पुसलेली. तुपाची वाटी काढायला फ्रिजच्या मुठीला हात घातला आणि ती जुनी ओळखीची बया कोपरापर्यंत चढली. मी नैवेद्याचं ताट खाली ठेवलं. चप्पल घातली, मूठ धरली, काही नाही. चप्पल काढली, धरली, आहे. घातली, नाही. काढली, आहे. सून ऑफिसातून येऊन दारात उभी होती. काय करताय, आई, असं तिने घाबरत विचारलं. मी म्हटलं, चंद्र उगवायला वेळ आहे, तोवर खेळतेय.

यांना कधीच का लागलं नाही, ते एका क्षणात कळलं. त्यांनी तपासलं होतं, खोटं काही बोलले नव्हते, पण रबरावर उभं राहून तपासलं होतं. सुनेला का लागत नाही, तेही कळलं. या घरात चप्पल घालणाऱ्याला काही लागत नव्हतं, आणि चप्पल घालणारी माणसं ठरवत होती की लागतं की नाही.

मग सासूबाई आठवल्या. त्याही अनवाणीच असायच्या, त्याच लादीवर. त्यांनी एका शब्दाने कधी तक्रार केली नाही. पण फ्रिजसमोर त्यांचा एक लाकडी पाट कायम पडलेला असायचा. गुडघ्यांना गार लागतं म्हणायच्या. त्या पाटावर चढायच्या, फ्रिज उघडायच्या, उतरायच्या. मी पाटावर पाय ठेवला की म्हणायच्या, माझा पाट आहे तो, तू तुझं बघ. त्यांना कळलेलं होतं की नव्हतं, हे आता कोणाला विचारू? गुडघ्यांना खरंच गार लागत असेल. पण गुडघे दुखणारं माणूस दिवसातून इतक्यांदा पाटावर चढतं कशाला?

मी मुलाला सगळं नीट सांगितलं. चप्पल, लादी, मूठ, सगळं. तो ऐकून म्हणाला की गोळी मध्ये चुकली होती का.

मग मी हट्टाला पेटले. वायरिंग बघून घ्यायचंच. त्यावर त्याने जे सांगितलं ते आमच्या वसाहतीत सगळ्यांनाच पाठ आहे. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार. हे मी इतकी वर्षं ऐकतेय की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे वर देवाच्या वसाहतीत राहायला गेले. पण त्या एका वाक्याने सगळी कामं थांबतात. गच्ची गळते, राहू दे, बिल्डिंग पडणारच आहे. जिन्याचा कठडा हलतो, धरू नका, पडणारच आहे. मुलगा म्हणाला, "आई, आता एवढं सगळं उखडायचं आणि वर्षभरात बिल्डिंग पाडायची, याला काय अर्थ आहे? थोडे दिवस काढ ना."

बिल्डिंगच्या उरलेल्या दिवसांचा हिशोब सगळ्यांनी केला होता. माझ्या कोणी केला नव्हता, किंवा केला असेल तर मला सांगितला नाही.

शेवटी सुनेच्या आग्रहावरून दोन माणसं येऊन गेली. पहिला उलव्याहून आला. तिकडच्या नव्या टॉवरांमध्ये कामं करतो. त्याने बोर्डाचं झाकणसुद्धा उघडलं नाही, दारातूनच सांगितलं की सगळं काढून टाका, घर जुनं आहे. मुलाला वाटलं, हा धंदा बघतोय. त्याचं अगदीच चुकलं असंही नाही.

दुसरा इथल्याच सारसोळे गावातला. त्याच्या आजोबांची खाडीत जाळी होती म्हणे. आता याची तीन मजली चाळ आहे भाडेकरूंनी भरलेली, गळ्यात साखळी, कानात सतत काहीतरी चालू, आणि मोठ्या गाडीतून येतो. बोलायला मोकळा. त्याने सांगितलं की पहिलं टेस्टिंग करा, नुसतं जुनं हाय म्हणून कशाला उखडता. मीटर लावून बघू, वायरचं कव्हर कुठं नरम पडलंय ते समजेल, मग ठरवा. मुलाला हे फार आवडलं. भिंत फुटणार नाही, देव हलणार नाहीत, आणि आईपण गप्प बसेल.

रविवारी तो आला. मेन बंद केला. एक पेटीसारखं यंत्र काढलं, त्याच्या दोन लांब वायरी, टोकाला चिमटे. हॉलच्या बोर्डावर लावलं, आकडा बघितला, ओके. बेडरूम, ओके. स्वयंपाकघरातल्या बोर्डावर लावलं. जरा कमी हाय पन चालंल, म्हणाला. फ्रिजमागचा पॉइंट राहिला. तो बघायचा तर फ्रिज सरकवायला हवा, आणि पट्टी देवघराच्या मागे गेलेली. त्याने मुलाकडे बघितलं. मुलाने देवघराकडे बघितलं. बाकी ओके आहे ना, मग राहू दे ते, असं ठरलं. मेन परत चालू झाला. मुलगा माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाला की झालं ना समाधान, टेस्टिंग झालं, काही नाही निघालं.

मी म्हटलं, झालं. आणि लादी पुसायला घेतली.

सून म्हणाली की आई, राहू दे, मी पुसते. मी म्हटलं, हा सगळीकडे बूट घालून फिरलाय, देवांसमोर चिखल झालाय. फडकं मुद्दाम पिळलं नाही. मग हॉलमध्ये येऊन त्या इलेक्ट्रिशियनला म्हटलं की बाबा, उन्हाचं आलास, ताक घेऊन जा. आणि मुलाला म्हटलं, फ्रिजमधून ताकाचं भांडं काढ, माझे गुडघे धरलेत. तो उठला. दारात मी त्याला अडवलं.

"चप्पल काढ. देवाची खोली आहे."

तो म्हणाला, आई, काय आता मध्येच. मी दारातून हलले नाही. परक्या माणसासमोर चाळिशी ओलांडलेला माणूस देवावरून आईशी वाद घालत नाही, एवढं मला माहीत होतं. त्याने चपला काढल्या, ओल्या लादीवरून गेला, मूठ धरली.

"आई गं," तो म्हणाला आणि हात झटकून ओट्याला टेकला.

लागायचं ते सोसण्याइतकंच होतं. मी इतकी वर्षं दिवसातून कितीदा तरी सोसलेलं. त्यामुळे मला वाईट वगैरे काही वाटलं नाही. इलेक्ट्रिशियन आत धावला, खिशातला टेस्टर काढून फ्रिजच्या अंगाला लावला. त्याच्यातला लाल दिवा पेटला. साहेब, पाय वलं हाय तुमचं, म्हणून बसला, पन बॉडीत करंट हाय हा, म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, "आजी, तुमाला रोजच लागतं का ह्ये?"

मी म्हटलं, नाही रे, मी गोळ्या घेते.

पुढे सगळं झटपट झालं. ज्या कामाला वर्षानुवर्षं मुहूर्त मिळत नव्हता, तो मुलाच्या हाताला मुंग्या आल्यावर त्याच दुपारी मिळाला. फ्रिज बंद, हात लावायचा नाही, स्वयंपाकघराचं सगळं वायरिंग नवं, उद्याच. मेनला तो स्विचही बसवायचा, जो वीज कुठे गळली की आपोआप पडतो. मुलाच्या आवाजात घाबरलेल्या माणसाचा राग होता. सून हळूच म्हणाली की देव हलवायचे तर गुरुजींना विचारू का. मी देवघरातून देव उचलले, पितळी परातीत ठेवले, परात नेऊन टीव्हीशेजारी ठेवली. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख, घंटा, सगळे. चहा उकळायला जितका वेळ लागतो तितकाही लागला नाही. देव काही बोलले नाहीत. एवढंच होतं ते? इतकंच करायचं होतं?

दुसऱ्या दिवशी देवघर भिंतीवरून उतरवलं. मागची लाकडी पट्टी एका जागी काळी पडली होती. वायरीचा जोड होता तिथे. जोडावर गुंडाळलेली टेप कोळशासारखी झालेली, आणि आतून निघाल्या दोनच वायरी. तिसरी, ती हिरवी, जी करंट फ्रिजच्या अंगात आला तर त्याला जमिनीत घेऊन जाते, ती नव्हतीच. तुटलेली नाही, निसटलेली नाही. घातलीच नव्हती. इलेक्ट्रिशियन म्हणाला की फ्रिज चालायला दोन पुरतात, त्या टायमाला बरेच जन तसंच करायचे. तिसरी नसताना फ्रिज थंड व्हायचा, बर्फ व्हायचा, सरबत मिळायचं. उघडणाऱ्या हाताचं तेवढं राहिलं.

मी ती काळी पट्टी हातात घेऊन बघत होते. कारखान्यात हे हिरवी वायर विसरले असते तर यांची नोकरी गेली असती. ते मला माहीत आहे, कारण कारखान्यातल्या सुरक्षेबद्दल ते जेवताना फार बोलायचे. आणि ती बीए झालेली फुलदाणीवाली वाढताना मान डोलवायची.

मुलगा संध्याकाळी घरी आला, ती पट्टी बघितली, माझ्याशेजारी बसला. त्याचा चेहरा खरंच उतरला होता. म्हणाला, "एवढं होत होतं, तर तू आधी बोलली का नाहीस?"

तो ते प्रेमाने विचारत होता, त्यामुळे उत्तर द्यायची सोयही राहिली नव्हती. मी म्हटलं, ताक संपलंय, विरजण लावायला सांग बायकोला. नंतर तो सोसायटीच्या ग्रुपवर त्या पट्टीचा फोटो काढून टाकत होता, आणि मोठ्याने वाचून दाखवत होता की मी स्वतः चेक केलं तेव्हा लक्षात आलं. खाली बरेच अंगठे आले.

तो फोटो बघून खालच्या मजल्यावरची बाई वर आली. आमच्या खाली, त्याच ओळीत, तेच स्वयंपाकघर. साताऱ्याकडची, माझ्याहून बरीच लहान, या बिल्डिंगमध्ये लग्न होऊन आलेली. नवरा सोसायटीच्या कमिटीत, रीडेव्हलपमेंटची सगळी धावपळ तोच करतो. ती आत आली, दार लोटून घेतलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "काकू, आमच्या पण फ्रिजला येतंय बघा तसं. मला वाटलं माझंच काहीतरी आहे."

मी विचारलं की कधीपासून. ती म्हणाली, आले तेव्हापासून. मग म्हणाली, आमचा फ्रिजचा पॉइंट काकांनीच बसवून दिला होता ना, सासरे सांगायचे, एक पैसा घेतला नाही म्हणून. फार चांगले होते काका. या ओळीतल्या सगळ्यांचे त्यांनीच करून दिले होते.

मला ते आठवलं. रविवारी हातोडी आणि खिळे घेऊन हे जिना उतरायचे आणि बायका यांना कांदेपोहे द्यायच्या. मी दारात उभी राहून कौतुकाने बघायची. चांगले होतेच ते. मी तिला म्हटलं, हो गं, फार चांगले होते.

मग तिला म्हटलं, इलेक्ट्रिशियनचा नंबर देते, उद्याच बोलव. तिने नंबर घेतला, पदराखाली मोबाइल धरला, आणि म्हणाली की यांना विचारून सांगते, ते म्हणतात बिल्डिंग जाणारच आहे. मी म्हटलं, त्यांना अनवाणी आत आण, ओल्या लादीवर उभं कर, मग विचार. ती कसंनुसं हसली. काकू, ते कुठे येतात स्वयंपाकघरात, पाण्याचा ग्लासपण मीच बाहेर नेऊन देते.

आठवडा गेला. ती जिन्यात भेटायची आणि खाली बघायची. मग मीच सारसोळ्याच्या त्या गृहस्थाला फोन लावला आणि तिचा नवरा कमिटीच्या कामासाठी बिल्डरकडे जाणार होता त्या दिवशी त्याला तिच्या घरी पाठवलं. सोसायटीने सांगितलंय असं सांग, म्हटलं. तो म्हणाला, आजी, मला मार खायला लावताय तुमी. पण गेला. तिचे देव मी स्वतः उचलून बाहेर नेले, ती हात लावायला धजेना म्हणून. तिकडेही दोनच वायरी निघाल्या.

आता तिचा नवरा माझ्याशी बोलत नाही. जिन्यात समोर आला की मोबाइल कानाला लावतो, वाजलेला नसला तरी. मुलगा माझ्यावर चिडलाय की लोकांच्या घरात तुला नाक खुपसायची काय गरज होती, कमिटीत उगाच वाकडं आलं. मी दोघांचंही ऐकून घेते. या ओळीत वर अजून दोन स्वयंपाकघरं आहेत, आणि तिथल्या बायकांना दुपारी मी चहाला बोलावलंय.